चौकोनी दांडा, तुळशीचं कुळ

आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दीपमाळ या रानफुलाच्या झाडाचा दांडा न तोडता बोटांत धरला, तर चारही कडा लागल्या. चौकोनी दांडा, समोरासमोर पानं, दोन ओठांचं फूल, म्हणजे बहुधा तुळशीचं कुळ. (तिन्ही खुणा जुळायला हव्यात हं, चौकोनी दांडे इतर कुळांतही असतात.) पुढे कवल्याचं पिवळं रानफूल. वर पताकेसारखी मोठी पाकळी, बाजूंना पंखांसारख्या दोन, खाली जुळलेल्या दोन पाकळ्यांत लपलेले 10 पुंकेसर. वाटाण्याचं, तुरीचं फूलही असंच!

पण माझी सगळ्यात लाडकी एकदांडी. सूर्यफुलाच्या कुळातली. ते एक फूल नाहीच, कितीतरी इवल्या फुलांचा गुच्छ आहे. कडेची प्रत्येक पांढरी ‘पाकळी’ हेच एक स्वतंत्र फूल. रेल्वे रुळांकडेलाही उगवते, उद्या लोकलची वाट पाहताना नक्की शोधा.