मारेकऱ्यासाठी लिहून ठेवलेले शब्द

‘आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ ही प्रभू येशूची आज्ञा आम्ही ख्रिस्ती लोक लहानपणापासून ऐकत आलो आहोत; पण ती पाळायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला अल्जीरियातील तिबहिरीनच्या मठाकडे पाहून कळते.

अ‍ॅटलास पर्वतातील या मठाचे फ्रेंच संन्यासी गावकऱ्यांबरोबर बाग पिकवत. मठातलीच एक खोली त्यांनी गावाला नमाजासाठी दिली होती आणि वृद्ध ब्रदर लुक दारी येईल त्या रुग्णावर उपचार करत. 1990 च्या दशकात सरकार आणि इस्लामी बंडखोर यांच्यात यादवी पेटली तेव्हा मठात बंडखोरांना ‘डोंगरातले भाऊ’ आणि सैनिकांना ‘मैदानातले भाऊ’ म्हटले जाई. 1993 च्या नाताळच्या आदल्या रात्री सय्याह अत्तिया हा बंडखोर म्होरक्या सशस्त्र साथीदारांसह मठात शिरला. जवळच काम करणाऱ्या 12 क्रोएशियन कामगारांची हत्या होऊन तेव्हा दहाच दिवस झाले होते. हे शांतीचे घर आहे, येथे शस्त्र चालत नाही, असे मठप्रमुख ख्रिस्तियां द शेर्जे यांनी त्याला सांगितले, आणि तो परत गेला. पुढे त्याच्यासाठी प्रार्थना करताना ‘देवा, त्याला मार’ असे म्हणणे त्यांना शक्य नव्हते. ‘त्याला निःशस्त्र कर’ असे म्हणावे, तर आधी ‘मला निःशस्त्र कर’ असे म्हणणे त्यांना भाग वाटले.

त्याच सुमारास त्यांनी आपले मृत्युपत्र लिहिले. माझ्या हत्येचा दोष सरसकट अल्जीरियन लोकांवर आणि इस्लामवर लादला जाऊ नये, ही त्यातली मुख्य काळजी आहे. शेवटी तर आपल्या अज्ञात मारेकऱ्याला ते मित्र म्हणतात, त्याचे आभार मानतात आणि स्वर्गात भेटीची आशा धरतात. मला यात भाबडेपणा दिसत नाही. 1959 साली, फ्रान्सविरुद्धच्या अल्जीरियन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, मोहम्मद नावाच्या मुस्लिम मित्राने तेव्हा फ्रेंच सैन्यात असलेल्या तरुण शेर्जे यांचा जीव वाचवला होता आणि त्यापायी तो दुसऱ्या दिवशी आपल्याच विहिरीपाशी मारला गेला. इस्लामविषयी सरसकट बोलणे त्यांना त्यानंतर शक्यच नव्हते.

मार्च 1996 मध्ये सात संन्याशांचे अपहरण झाले आणि मे महिन्यात त्यांच्या मृत्यूची बातमी आली. त्यांना नेमके कोणी मारले, याचा वाद अजून मिटलेला नाही. त्याच वर्षी 1 ऑगस्टला अल्जीरियातील ओरान शहराचे बिशप पिएर क्लाव्हेरी आणि त्यांचे तरुण मुस्लिम सोबती मोहम्मद बूशिखी एकाच बॉम्बस्फोटात ठार झाले. डिसेंबर 2018 मध्ये ओरान येथे या ख्रिस्ती हुतात्म्यांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले, तेव्हा शहरातील मशिदीत त्या यादवीत मारल्या गेलेल्या इमामांचेही स्मरण करण्यात आले.