नवापूर: बर्ड फ्लूच्या नमुन्याची वाट जिथून सुरू होते

बर्ड फ्लूच्या प्रयोगशाळांविषयी जाणून घ्यायचे तर भोपाळला किंवा पुण्याला जावे, असे अनेकांनी सुचवले होते. तरीही आम्ही नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर निवडले, कारण फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचा पहिला उद्रेक याच तालुक्यातील पोल्ट्री शेडमधून नोंदवला गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये या रोगाने तालुक्याला पुन्हा गाठले.

धुळ्याहून सुरत महामार्गाने निघून कोंडाईबारीचा घाट उतरला की विसरवाडी आणि पुढे नवापूर लागते. घाटात मालमोटारींची गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर निघावे. सुरत-भुसावळ मार्गावरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. प्रवाशाला याची गंमत वाटते. रोगनियंत्रणाच्या दृष्टीने मात्र ती डोकेदुखी आहे, कारण येथे उद्रेकाच्या जागेभोवती पक्ष्यांवर नजर ठेवण्यासाठी दहा किलोमीटरचे सर्वेक्षण क्षेत्र आखले की ते सहज शेजारच्या राज्यात शिरते.

पोल्ट्रीमालकांशी आम्ही फाटकाबाहेर उभे राहूनच बोललो. शेडमध्ये मरतूक अचानक वाढली की पशुवैद्यक पक्ष्यांच्या श्वासनलिकेतून आणि विष्ठामार्गातून स्वाब घेतात आणि ते तिहेरी वेष्टनात, बर्फावर ठेवून पाठवतात. निदानावर शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. तेथे आरटी-पीसीआर या जनुकीय चाचणीने विषाणूचा प्रकार ओळखला जातो, कोंबडीच्या गर्भयुक्त अंड्यांत विषाणू वाढवला जातो आणि त्याचा जनुकीय क्रम वाचला जातो. या क्रमाची तुलना इतर देशांतील विषाणूंशी केल्यावर त्याचे नाते उलगडते. २००६ चा विषाणू हा २००५ मध्ये चीनच्या चिंगहाई सरोवरावर रानपक्ष्यांत आढळलेल्या विषाणूच्या कुळातला होता, हे अशाच तुलनेतून कळले.

भोपाळची ही संस्था जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा, म्हणजे या रोगाच्या निदानासाठी संघटनेने मान्यता दिलेली तज्ज्ञ प्रयोगशाळा असून इंग्लंडमधील वेब्रिज, इटलीतील पादोवा आणि ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथेही अशा प्रयोगशाळा आहेत. या संघटनेने आणि अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये उभारलेले ऑफ्लू हे जाळे त्यांना जोडते. निरनिराळ्या प्रयोगशाळांना एकसारखे नमुने पाठवून त्यांचे निष्कर्ष जुळतात की नाही, हेही तपासले जाते. पक्ष्यांतील विषाणूंची माहिती ऑफ्लूमार्फत जागतिक आरोग्य संघटनेकडे जाते आणि मानवी लसीसाठी कोणते विषाणू तयार ठेवायचे, हे ठरवताना ती वापरली जाते. माणसांचे नमुने पुण्याची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था तपासते; २००६ मध्ये नवापूरच्या माणसांत संसर्ग आढळला नव्हता.

माझ्या मते या साखळीचा सर्वांत नाजूक दुवा शेडच्या दारातच आहे. पक्षी नष्ट करावे लागतील आणि अंड्यांचा भाव कोसळेल, या धास्तीने मालक दोन दिवस गप्प राहिला, तर पुढची सगळी यंत्रे तेवढे दिवस आंधळी असतात; भरपाई वेळेत मिळाली, तरच ही धास्ती ओसरेल.

येणाऱ्यांनी पशुसंवर्धन विभागाची परवानगी आधीच घ्यावी. एका दिवशी एकाहून अधिक पोल्ट्रींवर जाऊ नये; बोलावले तरच आत जावे आणि तेथेच दिलेली पादत्राणे घालावीत. मेलेला पक्षी दिसल्यास हात लावू नये, पशुवैद्यकाला कळवावे. नमुना स्वतः घेऊन जाण्याचा विचारही करू नये. भोपाळला जायचे असल्यास भुसावळला गाडी बदलता येते, मात्र उच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेत पाहुण्यांना प्रवेश मिळेल, असे धरून तिकीट काढू नये.