आरडाओरडा चालणारी शिकार

शिकार म्हटलं की लोकांना वाटतं झाडामागे दडून चिडीचूप बसायचं, शिंकसुद्धा गिळायची. एल्क या मोठ्या हरणाच्या मागे जाणाऱ्यांचं असतं तसं, आणि आमच्या घरच्यांना घेऊन एल्कच्या मागे गेले तर तो आमच्या आवाजाने थेट शेजारच्या वायोमिंग राज्यात जाऊन थांबेल. म्हणून मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते की पोरंटोरं, म्हातारी माणसं असा सगळा लवाजमा घेऊन करायची शिकार एकच, डोंगरातल्या ग्राऊसची, म्हणजे कोंबडीसारख्या एका रानपक्ष्याची.

आम्ही अमेरिकेत, कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला राहतो. गावातून नदीच्या काठाकाठाने रस्ता वर चढत जातो तो कॅमेरॉन पास या खिंडीला, उंची १०,२७६ फूट, आणि पलीकडे उतरलं की नॉर्थ पार्कचं खोरं. आजूबाजूचं बरंचसं जंगल सरकारी, लायसन्स खिशात असेल तर कुणीही जावं. सीझन १ सप्टेंबरला उघडतो.

पक्षी म्हणजे डस्की ग्राऊस. आधी याला ब्लू ग्राऊस म्हणायचे, २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचे दोन पक्षी केले, आमच्याकडचा डस्की आणि पॅसिफिकच्या बाजूचा सूटी. जुने शिकारी अजून ब्लूच म्हणतात. करड्या रंगाचा, वजनाला साधारण किलोभर, आणि स्पष्टच सांगायचं तर डोकं जरा कमी. माणसं दिसली तरी बऱ्याचदा उडून लांब जात नाही, जवळच्या फांदीवर जाऊन बसतो आणि मान वाकडी करून आपल्याकडेच बघत राहतो. कुत्रा नसला तरी चालतं, बोलत बोलत गेलं तरी चालतं. फक्त उडतो तेव्हा पायाखालून असा धाडकन उडतो की बंदूक हातात असलेलं माणूस आधी दचकतं आणि मग काय करायचं ते ठरवतं, तोवर तो झाडीत खाली उतारावर गेलेला असतो. आणि एक उडाला म्हणून त्याच्यामागे पळायचं नाही, जागेवर उभं राहायचं, कारण आई आणि त्या वर्षीची पिल्लं एकत्र असतात आणि ती एकेक करून थोड्या थोड्या वेळाने उठतात.

गेल्या सप्टेंबरला आप्पा, म्हणजे माझे वडील, आले होते साताऱ्याहून. त्यांच्या लहानपणी त्यांच्या चुलत्यांकडे ठासणीची बंदूक होती, ससे तितर यांच्या गोष्टी ऐकतच मी मोठी झाले, अर्थात घरातल्या बायका कधी शिकारीला गेल्या नाहीत, त्यांनी फक्त आणलेलं साफ करून चुलीवर चढवलं. पुढे १९७२ चा वन्यजीव कायदा आला, मग १९९१ च्या दुरुस्तीने उरलंसुरलं पण बंद झालं. बरंच झालं म्हणते मी, नाहीतर आमच्याकडच्या डोंगरात तितर औषधालाही उरले नसते.

आता गंमत अशी की आप्पा टुरिस्ट व्हिसावर, आणि इथल्या कायद्याने अशा माणसाने शिकारीच्या लायसन्सशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही. (मी स्वतः एच-वन या नोकरीच्या व्हिसावर असताना लायसन्सच्याच सवलतीवर सुरू केलेलं.) लायसन्ससाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, त्यातून वयाची सूट १ जानेवारी १९४९ च्या आधी जन्मलेल्यांना. आप्पा १९५५ चे. "सहा वर्षांनी हुकलं बघ," म्हणाले, आणि मग दिवसभर माझ्यामागे राहून सूचना. इकडून वळ, वारा बघ, नळी वर धर. नळीचं मात्र बरोबर होतं. आमच्याकडे नियमच आहे, बंदूक एकच, बाकी सगळे तिच्या मागे, सगळ्यांच्या अंगात नारंगी जॅकेट. पक्ष्यांसाठी नारंगी घालायची सक्ती नाही पण आम्ही घालतो.

नवरा देशस्थ, त्याची गाडी अंड्याच्या पुढे गेलेली नाही. तो येतो धपाटे, ठेचा आणि चहाचा थर्मास घेऊन, आणि दुपारी ढग जमायला लागले की सगळ्यांना खाली हाकायचं काम त्याचं, कारण या उंचीवर विजा फार वाईट. लेक अकरा वर्षांची, तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. पक्षी बहुतेक वेळा तीच आधी बघते आणि बोट दाखवायच्या ऐवजी किंचाळते.

त्या दिवशी अस्पेनच्या झाडांच्या कडेला दोन मिळाले. दिवसाची मर्यादा तीन आहे, तिसऱ्यावर मी मुद्दाम फांदीवर बसलेला असताना गोळी झाडली नाही, उडल्यावर झाडली आणि गेला तो. आप्पांना हे अजिबात पटलं नाही. "खायचंय ना? मग बसलेला काय अन् उडालेला काय." चुलत्यांकडे म्हणे एकेक बार मोजून मिळायचा. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नाही, पण मी उडाल्यावरच मारते, सवय आहे.

पक्षी साफ करायला आप्पा बसले, त्याला लायसन्स लागत नाही. गळ्याखालची पिशवी लेकीसमोर उघडून दाखवली, आत बारीक लाल बेरी आणि नाकतोडे. पंखाची टोकाची दोन पिसं टोकदार, म्हणजे यंदाचंच पिल्लू, हे तिने आप्पांना शिकवलं. मग तिनेच सांगितलं की थंडीत हे पक्षी खाली उतरायच्या ऐवजी आणखी वर जातात आणि हिवाळाभर डग्लस फर या झाडाच्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, खाऊन राहतात. आप्पा आधी तिची थट्टा करायला लागले, मग मी मान हलवली तेव्हा गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "मग थंडीत मारू नका, मटणाला सुयांचा वास येत असेल." येतो म्हणतात खरा.

खाण्याचं आमच्याकडे वेगळंच. सीझन उघडतो तेव्हा कधी श्रावणाचा शेवट, कधी गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. आई फोनवरून कॅलेंडर बघून तारखा देते आणि तोवर पक्षी फ्रीझरमध्ये. यावेळी आप्पांनीच सुकं केलं, कांदा-लसूण मसाला घालून. याचं मांस कोंबडीसारखं पांढरं असतं पण घट्ट, त्यामुळे मंद आचेवर ठेवावं लागतं. छर्रे बघून खायचे हे सांगूनसुद्धा एक आप्पांच्याच दाताखाली आला.

रात्री साताऱ्याला फोन, चुलतभावाला सगळं वर्णन चाललेलं. त्यात पक्षी तीन किलोचा झाला होता, आणि तिसरा का सुटला ते सांगताना माझ्याकडे बघून आवाज वाढवला होता. लेक शेजारून ओरडत होती, "आजोबा, एक किलो, एक!"