कापलेला समास

फोन गिरगावातल्या एका चाळीतून होता, जुलैचा दुसरा आठवडा. चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिन्याभरात खोली रिकामी करायचीय, बाबांनी जमवलेली चित्रं आहेत, एकदा येऊन बघून जा. "हुसेन आहे, सही आहे त्यावर," हे मुलाने दोनदा सांगितलं. असे फोन मला येतच असतात. मी कागदावरच्या चित्रांची दुरुस्ती करतो, आणि छापचित्रं जमवणाऱ्यांना काय घ्यावं, काय सोडावं हेही सांगतो. मुंबईच्या पावसात कागदाचं जे होतं त्यावर माझं घर चालतं, खोटं कशाला बोलू.

तिसरा मजला. गॅलरीत बांधलेली गाठोडी, आत काकूंनी चहा टाकलेला. काका मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. जहाज बंदराला लागलं की बाकीचे सेंट आणि ट्रान्झिस्टर आणायला धावायचे, हे चित्रं शोधत फिरायचे. "नुसते कागद आणायचे हो," काकू म्हणाल्या, "आणि कस्टमवाल्याला समजावत बसायचे."

हुसेनचे घोडे आधी काढले. मोठी फ्रेम, खाली ऐटदार सही. भिंग टेकवलं आणि मनात म्हटलं, झालं. निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे सारख्या अंतरावरचे ठिपके, फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले. म्हणजे ऑफसेट, कॅलेंडर छापतात तसंच. आणि सहीसुद्धा त्याच ठिपक्यांची. पेन्सिलची सही असती तर भिंगाखाली शिसं चमकलं असतं, तिरप्या उजेडात कागदावर दाब दिसला असता. मुलाच्या हातात भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "पण सही त्यांचीच आहे ना?" सही त्यांचीच, पण तिचा फोटो काढून छापलेली. सहीवर एवढा विश्वास बरा नाही, हे मी लोकांना सांगून थकलो. स्पॅनिश चित्रकार दालीने तर कोऱ्या कागदांवरच गठ्ठ्याने सह्या करून दिल्या होत्या, चित्रं त्यावर मागाहून छापली गेली.

मग ट्रंक. साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले मोठे कागद होते. मधोमध घडी, मागे फ्रेंच मजकूर, वर ना सही ना नंबर. मुलाने हा गठ्ठा रद्दीच्या बाजूला ठेवला होता. मी तो पलंगावर पसरला तेव्हा माझाच हात जरा थरथरला. 'देरिएर ल मिरवार', म्हणजे 'आरशामागे'. पॅरिसची माग गॅलरी १९४६ ते १९८२ या काळात हे कलेचं नियतकालिक काढायची. मिरो, शागाल, काल्डर अशा नामवंत कलावंतांची अस्सल लिथोग्राफ अंकातच छापून बांधलेली असत, म्हणून ती घडी आणि म्हणून मागे मजकूर. नेहमीच्या प्रतींवर सही नसायचीच. इथे काल्डरच्या लाल-काळ्या चकत्या होत्या. भिंगाखाली ठिपक्यांची ती शिस्त कुठेच नाही, नुसता सपाट, दाट रंग, आणि एका कडेला लाल रंग काळ्यावर केसभर चढलेला.

मुलगा हुसेनच्याच दुःखात होता. काकूंना मात्र उत्सुकता. "म्हणजे शिळाछापच ना? आमच्या सासऱ्यांच्या पोथ्या असायच्या तशा?" अगदी तेच. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने काढायचं, दगड ओला करायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा. तेल शाई धरतं, पाणी झिडकारतं. सेनेफेल्डर नावाच्या माणसाने १७९६च्या सुमारास बव्हेरियात हे शोधलं. रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत प्रेस घातला तोही याच तंत्राचा, फक्त रंगागणिक वेगळा दगड. काकूंनी लगेच देव्हाऱ्याकडे बोट केलं. तिथली लक्ष्मी धुराने काळवंडली होती, पण होती दगडावरची. "ती नाही हं विकायची," त्यांनी आधीच सांगून टाकलं.

आता राहिली खिडकीशेजारची फ्रेम. भिंतीवरून उतरवली तर मागे फिकट चौकोन. मध्यम आकाराचं रंगीत लिथोग्राफ, निळ्यात बुडालेलं गाव. काच चित्राला टेकलेली, खालच्या बाजूला कसरीने कुरतडलेलं, चहा सांडावा तसे तपकिरी डाग. कोपऱ्यांना खडूचा रवा स्पष्ट दिसत होता, खरखरीत भिंतीवर लहान मुलाने घासावा तसा. खरं काम, चांगलं काम. पण समास नव्हता. चारही बाजूंनी कागद चित्रापर्यंत कापलेला. आणि सही, प्रतीचा नंबर, पंचाहत्तरातली चौतिसावी की पन्नासातली दुसरी, हे सगळं त्या खालच्या पांढऱ्या पट्टीतच असतं.

कापणाऱ्याला मनात शिव्या घालत फ्रेम उलटी केली. ब्राऊन पेपरवर लेबल होतं, अर्धं कसरीने खाल्लेलं. उरलेलं अर्धं मला वाचायची गरज नव्हती. लहानपणी ती लेबलं डिंक लावून मीच चिकटवायचो.

गंजलेले खिळे उपटून चित्र बाहेर काढलं. पट्टी धरून सुरी ओढताना माझे बाबा शेवटच्या बोटभर अंतरात आत वळायचे. उजव्या खालच्या कोपऱ्यात कागद तसाच आत वळलेला होता. भिंग कडेवरून सावकाश नेलं. एका जागी दोन राखाडी टोकं दिसली, भाताच्या कोंबाएवढी. एखाद्या उंच अक्षराची असावीत, चित्राच्या आत घुसलेली. शिसं चमकत होतं. सही होती. नावातलं तेवढंच उरलं होतं.

बाजारात अशा प्रतीला निम्मीही किंमत येत नाही. ते सांगितलं. लेबल कोणाचं तेही सांगितलं, कारण लपवलं असतं तर जिना उतरता आला नसता.

काकू चष्मा पुसत माझ्याकडे बघत राहिल्या. आतापर्यंत अहो-जाहो चाललं होतं.

"तू त्यांचा मुलगा होय! अरे, ते नको म्हणत होते. दोनदा म्हणाले, साहेब, पांढरं राहू द्या, लोक ठेवतात. पण आमचे हे! म्हणाले, पांढऱ्यासकट बसत नाही, कापा."

"बसत नाही म्हणजे?"

त्यांनी भिंतीकडे हात केला. एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला गोदरेजचं कपाट. मी टेप लावला. मधे सतरा इंच. फ्रेम साडेसोळा.

काल्डरचे कागद मुलाने ठेवायचे ठरवलं आहे, निदान आठवडाभर तरी. निळं गाव माझ्या टेबलावर आहे. डाग थोडे उतरलेत, प्लाय गेला, पाठीला ॲसिड नसलेला बोर्ड आला. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, मी खाली तीन इंच जास्त सोडून कापणार आहे. सही जिथे असायची तेवढी जागा.

परवा काकूंचा फोन आला. "फ्रेम लगेच करू नकोस रे. नव्या घरात भिंत केवढी येते ते बिल्डरला विचारून सांगते."