आईला काचबिंदू, मला मायग्रेन आणि क्रूझचं बुकिंग: बोट लागू नये म्हणून केलेली तयारी

दिराने मुंबई–गोवा–मुंबई क्रूझचा बेत काढला तेव्हा आमच्या नेरूळच्या घरात आधी शांतता पसरली. कारण साधं आहे. मला मायग्रेन, आणि कसारा घाट आला की हातात पिशवी. मुलगा नऊ वर्षांचा, तो खंडाळ्यापर्यंतही तग धरत नाही. आणि आई तर लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने देवगडला आजोळी जायची, त्या प्रवासाचं नाव काढलं तरी अजून तिचा चेहरा उतरतो. बोट बंदरात लागायची नाही, भर समुद्रात शिडीवरून पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं आणि पडावातून किनाऱ्यावर. बोटीत ओकून अर्धमेली झालेली ती मुलगी पडावात पुन्हा ओकायची.

तरीही आईला जायचंच होतं. सत्तरी आली, आता नाही तर कधी, असं तिचं म्हणणं. मग मी ठरवलं की हा विषय नशिबावर सोडायचा नाही. जाण्याच्या बऱ्याच आधीपासून नीट तयारी केली. तिचा खरोखर उपयोग झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे होतं कशाने ते समजून घेतलं. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि बारीक खडे मेंदूला सांगतात की शरीर हलतंय. केबिनमध्ये बसलेले डोळे मात्र सांगतात की भिंत, पलंग, टेबल, सगळं जागच्या जागी आहे. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. साधारण पाच सेकंदांना एक अशी संथ वरखाली हालचाल माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते, आणि समुद्रातल्या मोठ्या लाटांची चाल बरीचशी तशीच असते. म्हणून स्कूटरवर खड्ड्यांतून आदळत गेलं तरी काही होत नाही आणि गुळगुळीत चालणाऱ्या जहाजावर पोट ढवळतं. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सर्वांत जास्त, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, गरोदरपणात आणि मायग्रेनवाल्यांना आणखी जास्त. वयाबरोबर तो कमी होत जातो. हे शेवटचं वाक्य वाचून आईला बरं वाटलं.

पहिला निर्णय खोलीचा. बुकिंगवाला वरच्या मजल्यावरची, पुढच्या बाजूची बाल्कनीची खोली गळ्यात मारत होता. महाग आणि दिसायला सुंदर. पण जहाज डोलतं तेव्हा सगळ्यात कमी हलतो तो त्याचा मधला, पाण्याच्या पातळीजवळचा भाग. जितकं वर आणि जितकं टोकाला जाल तितका झोका मोठा. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना स्टॅबिलायझर असतात, पण ते मुख्यतः कडेवरचं डोलणं आवरतात. नाक वर-खाली होणं त्यांच्याने थांबत नाही, आणि ते पुढच्या खोल्यांना सगळ्यात जास्त जाणवतं. आम्ही खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची, खिडकी असलेली खोली घेतली. पैसेही वाचले. खिडकी मात्र हवीच होती, बाहेरचं पाणी दिसलं पाहिजे म्हणून. दिराने वरची बाल्कनी घेतली.

मग डॉक्टर. माझं ठाम मत आहे की ज्यांना दुसरं कुठलंही औषध चालू आहे त्यांनी ही पायरी गाळू नये. आपल्याकडे प्रवासातल्या उलटीवरचं ॲव्होमिन घराघरात असतं, कुणीही कुणालाही देतं. आमच्या डॉक्टरांनी आधी आईची फाईल मागितली. तिला काचबिंदू आहे. ॲव्होमिनमधलं प्रोमेथाझिन हे ॲलर्जीच्या जुन्या, गुंगी आणणाऱ्या औषधांपैकी. अरुंद कोनाच्या काचबिंदूत त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही नको सांगितलं. अमेरिकेतली माझी मामेबहीण कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच पाठवते म्हणाली होती. निघण्याआधी किमान चार तास लावायचा, तीन दिवस चालतो. पण अरुंद कोनाच्या काचबिंदूत तोही वर्ज्य. म्हणजे आईला औषधाशिवाय जायचं होतं.

माझ्यासाठी ॲव्होमिन ठरलं, आदल्या रात्री झोपताना एक, आणि मग बोटीवर रोज रात्री एक. मुलाला वजन बघून त्यांनी अर्धी लिहून दिली. दोन वर्षांखालच्या मुलाला हे औषध अजिबात द्यायचं नाही, हेही त्यांनी आपणहून सांगितलं, आमच्याकडे तेवढं लहान कुणी नसताना. मी विचारलं, घरात उलटीची ऑन्डान्सेट्रॉनची गोळी आहे, ती चालेल का? नाही म्हणाले. पोटाच्या संसर्गात किंवा केमोथेरपीत ती छान काम करते, पण बोट लागण्याचा मार्ग वेगळा, तिथे ती उपयोगी पडत नाही. सर्दीची सेट्रीझिनसारखी फारशी गुंगी न आणणारी गोळीही नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. गोळी मळमळ सुरू होण्याआधी पोटात गेली पाहिजे. एकदा मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते आणि उलटीबरोबर बाहेर येते.

त्यांच्या सांगण्यावरून एका शनिवारी रात्री घरीच गोळी घेऊन पाहिली. बोटीवर पहिल्यांदाच घेतली असती तर घाबरले असते. रविवारी दुपारपर्यंत डोकं जड, तोंडाला कोरड, डोळे मिटत होते. पण मला कळलं की माझ्या शरीराला तिचा किती अंमल चढतो, त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि जहाजाच्या निमुळत्या जिन्यावर कठडा धरूनच चालायचं. मुलाला काहीच झालं नाही, तो फक्त उशिरा उठला.

रंगीत तालीमही केली. हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरलो, तिथून भाऊचा धक्का, आणि मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, पकडली. आई कित्येक वर्षांनी त्या धक्क्यावर आली होती. तासाभराचा प्रवास. बोट मोठी आणि जड, कुणालाच काही झालं नाही. परत येताना मुद्दाम गेटवेची लहान कॅटामरान घेतली. तिथे पाण्याचा खरा हिसका बसला. मुलगा पुढच्या बाकावर जाऊन बसला होता, पाचच मिनिटांत गप्प झाला. त्याला मध्ये आणून बसवलं. आई म्हणाली, "खाली पाण्यात बघू नको बाळा, लांब बघ. आमचे तांडेल हेच सांगायचे." त्याने समोरच्या मुंबईच्या इमारतींवर नजर लावली आणि गेटवे येईपर्यंत ठीक होता. बोट हाकणाऱ्या तांडेलांचा सल्ला शास्त्राला धरूनच आहे. क्षितिज स्थिर असतं, शरीर त्याच्या तुलनेत किती हलतंय ते डोळ्यांना दिसतं, आणि डोळे व कान पुन्हा एकच गोष्ट सांगू लागतात.

पिशवीत काय घेतलं? आलेपाक, लिंबं, कुरमुरे, खाकरे, मारीची बिस्किटं, ओआरएसच्या पुड्या, जाड प्लास्टिकच्या पिशव्या, ओले रुमाल. आल्यावर माझा विश्वास होता तो घरच्या अनुभवावर, पण 1988 साली डेन्मार्कच्या नौदलातल्या 80 कॅडेटांवर भर समुद्रात केलेला एक प्रयोगही वाचनात आला. एक ग्रॅम सुंठीच्या पुडीने उलट्या आणि थंड घाम कमी झाला होता. पुढचे सगळे प्रयोग इतके अनुकूल नाहीत. तरी आईसारख्या औषध न चालणाऱ्या माणसाला दुसरा मार्ग कोणता? मनगटाच्या आतल्या बाजूला तीन बोटं वर दाब देणारे पट्टेही मिळतात. त्यांचा पुरावा कच्चा आहे, पण अपाय नाही, म्हणून मुलाला घेऊन दिले. काळही आम्ही डिसेंबरचा निवडला. पावसाळ्यात आपला समुद्र खवळलेला असतो, मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास अरबी समुद्रात वादळं होऊ शकतात. थंडीत तो त्यातल्या त्यात शांत.

निघायच्या दिवशी सकाळी तांदळाची पेज आणि लोणचं खाऊन बॅलार्ड पियरला गेलो. रिकाम्या पोटी जायचं नाही आणि तुडुंब खाऊनही नाही. संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा बंदरात पाणी इतकं स्थिर होतं की निघाल्याचं कळलंही नाही. कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्राँग्जचं दीपगृह मागे पडलं आणि पायाखाली पहिला झोका जाणवला, लांबलचक, आळसावलेला. मी आईकडे पाहिलं. ती मधल्या डेकवर खुर्चीत बसली होती, डोकं मागे टेकवलेलं, नखाने लिंबाच्या सालीला चरे पाडून ते हुंगत होती, नजर पश्चिमेला. "अजून ठीक आहे," ती म्हणाली. अंधार पडला, क्षितिज दिसेनासं झालं, तेव्हा आम्ही खोलीत येऊन उताणे आडवे झालो, डोळे मिटून. रात्री क्षितिज नसताना हाच उत्तम उपाय. ती रात्र शांत गेली.

परतीच्या प्रवासात मात्र वारा वाढला. चहाच्या वेळी मुलगा खोलीत मोबाईलवर खेळत होता. मी आत गेले तर तो जांभई देत होता. लगेच दुसरी, मग तिसरी. वरच्या ओठावर बारीक घाम, गाल पांढरे, आणि सारखी थुंकी गिळत होता. झोप पुरेशी झालेली असताना बोटीवर अशा जांभया येऊ लागल्या की त्या मळमळीच्या आधीची खूण समजायची. डॉक्टरांनी हे सांगितलं नसतं तर मी त्याला झोपायला सांगून निघून गेले असते. मोबाईल काढून घेतला, हात धरून मधल्या डेकवर वाऱ्यात नेलं, डिझेलचा वास येणार नाही अशा बाजूला. चेहऱ्यावर ओला रुमाल फिरवला. क्षितिजावर मासेमारीची एक होडी दिसत होती, तिच्यावर नजर ठेवायला सांगितली. आईने आलेपाकाचा तुकडा त्याच्या तोंडात दिला. दहा-पंधरा मिनिटांत गालांवर रंग परतला. रात्री त्याने कुरमुरे आणि दोन बिस्किटं खाल्ली. उलटी झाली नाही.

दिराचं वेगळं झालं. त्याला कधीच काही होत नाही म्हणून त्याने गोळी घेतली नव्हती. वरच्या खोलीत झोका जास्त, आदल्या रात्री पार्टीत दोन पेग आणि तळलेलं भरपूर. मळमळल्यावर माझ्याकडून गोळी घेतली, ती वीस मिनिटांत बाहेर. दुसरीही तशीच. पेग आदल्या रात्रीचे होते म्हणूनच मी गोळी दिली. दारूबरोबर ती घेतली तर गुंगी फार वाढते. शेवटी जहाजावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मी दिलेल्या गोळ्यांबद्दल नीट विचारून घेतलं आणि प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं. पोटाची वाट टाळून औषध रक्तात गेलं, आणि तासाभरात तो झोपला.

जाग आल्यावर त्याला पाणी एकदम प्यायला दिलं नाही. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, आणि त्यातले दर काही मिनिटांनी दोन चमचे. तेवढं टिकलं की घोट, घोट टिकले की कोरडं बिस्किट. त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्याचा घोटही राहत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, उलटीत रक्त असेल किंवा डोकं फार दुखत असेल तर बोट लागली म्हणून वाट बघत बसायचं नाही, ताबडतोब दाखवायचं. मधुमेहाच्या माणसाला तर आणखी लवकर. सकाळी दीर मऊ भात आणि ताक जेवला.

आई? तिला परतीच्या संध्याकाळी थोडी मळमळ झाली, तेवढीच. ती लिंबू आणि आलेपाक घेऊन खुर्चीतून हलली नाही, खाली वाकली नाही, वाचलं नाही. उपाय लागू पडला की वयाने तिला हात दिला हे मला सांगता येणार नाही. ज्या समुद्राला ती साठ वर्षं घाबरत होती त्यावर ती दिवसभर बसली, आणि खांदेरीचा किल्ला दिसायच्या वेळी मला उठवायला आली, याचा मला अतिशय आनंद आहे.

घरी आल्यावरही जहाज संपलं नाही. नेरूळला बेसिनपाशी दात घासताना फरशी हलल्यासारखी वाटली, आंघोळीला डोळे मिटले की झोका. मेंदूने समुद्राच्या चालीची सवय करून घेतलेली असते, ती सुटायला वेळ लागतो. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं. माझंही दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेलं, तोवर मी गाडीला हात लावला नाही आणि स्टुलावर चढले नाही. काही थोड्या लोकांना ते डोलणं आठवडेच्या आठवडे राहतं. तसं झालं तर कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं, आणि नुकताच समुद्रप्रवास केलाय हे त्यांना आधी सांगावं.