पसरणीचा उतार

वाईतल्या लॉजमधून पहाटे साडेपाचला सायकल बाहेर काढली तेव्हा पाऊस नुसता भुरभुरत होता. जुलैचा शेवटचा शनिवार. वाई ते पाचगणी तीन फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी मेणवलीच्या रस्त्याला दहा किलोमीटर पळायचं, असं ठरवून आले होते. पहिली फेरी छान झाली, तिसरी निम्मीच झाली. मला सांगायचंय ते दुसऱ्या फेरीच्या उताराबद्दल.

पण आधी मी त्या घाटात का होते ते सांगते.

२०२२च्या नोव्हेंबरात मी गोव्याची हाफ आयर्नमॅन शर्यत केली. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर पळणं, आणि हे सगळं साडेआठ तासांच्या आत. मिरामारच्या समुद्रातून बाहेर आले, सायकलही मनासारखी झाली. पळायला लागल्यावर मात्र त्या दमट उन्हाने माझा जीव काढला. शर्यत पूर्ण केली, पदक गळ्यात पडलं, आणि रात्री खोलीवर मी रडले. दमले म्हणून नाही. वर्षभर इतकी मेहनत करून शेवटचे दहा किलोमीटर केवळ सावली शोधत चालले, याचं वाईट वाटलं.

मी साताऱ्याची. यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी वाढले. शाळेत असताना आम्ही मैत्रिणी कासच्या दिशेला सायकली निम्म्या चालवत, निम्म्या ढकलत न्यायचो. चढ मला परका वाटत नाही, ऊन वाटतं. मग पुढची शर्यत डोंगरातली आणि थंड हवेतली का निवडू नये? पुण्यात सोबत सराव करणारे बहुतेक जण सपाट, वेगवान मार्ग शोधतात, कारण तिथे वेळ चांगली येते. मला ते पटत नाही. ज्या रस्त्यांनी आपल्याला घडवलं, त्यांच्यासारखी शर्यत निवडावी.

शोधता शोधता ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे सापडलं. २०१५ साली याच गावात हाफ आयर्नमॅनचं जागतिक अजिंक्यपद झालं होतं, यान फ्रोडेनो आणि डॅनिएला रीफ जिंकले होते. तळ्यात पोहायचं, सायकलवर फिल्त्सनझाटल नावाचा घाट चढायचा, पलीकडे झालफेल्डनच्या बाजूला उतरून परत यायचं आणि तळ्याकाठी पळायचं. नकाशा बघत असताना आकड्यांवर नजर गेली. तळ्याकाठचं गाव समुद्रसपाटीपासून ७५७ मीटरवर, घाटमाथा १२९१ मीटरवर. हे आकडे कुठेतरी पाहिल्यासारखे वाटले. वाई ७१८, पाचगणी १२९३. मी उठून नवऱ्याला हलवून जागं केलं. रात्रीचे साडेबारा वाजले होते. तो म्हणाला, "मग पाचगणीलाच जा ना, विमानाचा खर्च कशाला?" पण सकाळी नाव नोंदवताना शेजारी बसून कार्डाचा नंबर त्यानेच वाचून दाखवला.

दोन्ही घाटांची उंची सारखी असली तरी चढ सारखा नाही. पसरणी घाट बाराएक किलोमीटरमध्ये समजूतदारपणे वर नेतो, एक लय धरली की धरली. फिल्त्सनझाटलचे शेवटचे दोनेक किलोमीटर मात्र चौदा टक्क्यांपर्यंत उभे होतात. त्यासाठी सिंहगड होता. गोळेवाडीतून वर जाताना काही वळणं अशी येतात की सायकलचं पुढचं चाक उचलल्यासारखं वाटतं. तिथे कळलं की माझी मागची २८ दात्यांची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, पुरणार नाही. ती काढून ३४ची घातली, त्यासाठी मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भागही बदलावा लागला. दुकानातला पोरगा म्हणाला, "ताई, एवढा हलका गिअर कशाला? पाय मजबूत करा." मी ऐकलं नाही ते बरं केलं. घाटात पाय जाळून घेतले तर पुढचे एकवीस किलोमीटर कोण पळणार?

पोहण्याचं फार सांगण्यासारखं नाही. आजोळी, विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून शिकलेलं पोहणं अजून कामाला येतंय. फक्त तळ्याच्या गार पाण्यासाठी वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख घ्यावा लागला. तो चढवताना पायाला प्लास्टिकची पिशवी घातली की सरकन आत जातो.

शर्यत ऑगस्टअखेरची. म्हणजे घाटातला सगळा सराव जून, जुलै, ऑगस्टमध्ये. आपल्या पावसात. नाव नोंदवताना हा विचार मी केलाच नव्हता.

तर तो शनिवार. पहिल्या फेरीला घाट रिकामा होता. वर धुकं, खाली मधूनच उघडणारं धोमचं पाणी, कड्यावरून ठिकठिकाणी धबधबे. असा रस्ता आपल्याला दोन तासांवर मिळतो हे केवढं भाग्य! नऊनंतर गाड्या सुरू झाल्या आणि घाटाचं रूप पालटलं. दर वळणावर गाडी उभी, दारं उघडी, गाणी जोरात, फोटो काढायला माणसं थेट रस्त्याच्या मध्ये. चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या कठड्यावरून सरळ दरीत. एकाला मी थांबून सांगितलं, तर त्याने माझ्यासमोर दुसरी बाटली टाकली. हे लिहितानाही मला राग येतोय. पावसाळ्यात सह्याद्री बघायला यायचं आणि त्याच्याच पोटात कचरा टाकायचा, हे मला आजवर समजलेलं नाही.

दुसऱ्यांदा पाचगणीहून उतरायला लागले तेव्हा पाऊस कोसळत होता. चार-पाच वळणांनंतर ब्रेकची मूठ दाबली तर ती थेट हँडलला टेकली आणि सायकल पळतच राहिली. समोरून एस.टी. वर येत होती. मी डावीकडे मातीत घातली, पाय टेकवत फरफटत थांबले. पडले नाही. पण हाताची बोटं मुठीवरून सुटेनात. गारठून आकड्यासारखी वाकली होती.

वळणावर निळ्या ताडपत्रीखाली कणसं भाजणारं एक जोडपं होतं. मावशींनी हातातला पंखा टाकला, माझं एकेक बोट मुठीवरून सोडवलं आणि दोन्ही हात धरून शेगडीवर नेले. "अगं, बर्फ झालाय पोरीचा." पदराने माझं तोंड पुसलं. चहात आलं इतकं होतं की घसा जळला. मी काहीच बोलू शकत नव्हते, दात वाजत होते.

काका तोवर सायकलपाशी उकिडवे बसले होते. ब्रेकचं रबर नखाने खरवडून त्यांनी मला दाखवलं. सकाळी चांगलं जाड होतं ते पातळ पापुद्र्यासारखं झालं होतं. ओल्या रिमवर चिकटलेली बारीक खडी त्याला कानशीसारखी खात होती. काकांनी पंचवीस वर्षं याच घाटातून ट्रक चालवलेला. म्हणाले, "तुम्ही सारखा ब्रेक धरून उतरताय. वळणात ब्रेक नाही दाबायचा, बाई. वळणाच्या आधी दाबायचा, सोडायचा, मग वळायचं. चढताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात आम्ही उतरायचो. घाट चढून कोणी शहाणा होत नाही, उतरून होतो."

सहा महिने मी चढावर पाय किती जोर लावतात ते वॅटमध्ये मोजत होते. उताराचा सराव एकदाही केला नव्हता. मला वाटायचं, उतार म्हणजे विश्रांती.

चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. वाईपर्यंत सायकल हातात धरून चालत आले, बाजारात नवी रबरं मिळाली, दुपारी पुन्हा घाट चढायला लागले. पण निम्म्यातूनच वळले, आणि काकांनी सांगितलं तसं उतरले. आधी दाबायचं, सोडायचं, वळायचं. संध्याकाळी पळाले नाही. रविवारी दिवसभर झोपले.

त्यानंतर दर शनिवारी गेले. आता चढताना घड्याळ बघत नाही. वर पोचले की कोरडे हातमोजे घालते, पाच मिनिटं बोटं चोळते, मग उतरते. एकदा काकांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून माझी तीन वळणं पाहिली आणि नुसती मान हलवली. आठवडाभर तेवढं पुरलं.

काल शेवटची फेरी होती. गुरुवारी विमान आहे. सायकल खोक्यात भरण्याआधी मावशींना सांगायला थांबले. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. आधी पोहायचं, मग घाट, मग उतार. "आणि उतरल्यावर पळायचं?"

"हो, एकवीस किलोमीटर."

"मग जेवायचं कधी?"

"सायकलवरच, मावशी. घाट लागायच्या आधी."

त्यांनी कणसं बाजूला सारली, डब्यातून भाजलेले शेंगदाणे काढले, गुळाचा खडा फोडला आणि वर्तमानपत्रात पुडी बांधून माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात स्वतःच्या हाताने कोंबली. काका म्हणाले, "पावसाने भिजेल." मावशींनी पुडी पुन्हा बाहेर काढली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलं.