भक्कम पट्टीखाली तडकलेली चासी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील माझ्या शेडमध्ये ऊसवाहतुकीचे बरेच ट्रक येतात. पण टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डाइम्लर-बेंझ यांच्या करारातील, म्हणजे 1954 ते 1969 या काळातील, समोर मर्सिडीजचा तारा असलेला ट्रक आता क्वचितच दिसतो. असाच एक ट्रक त्याचे मालक, आम्ही सगळे ज्यांना आण्णा म्हणतो ते, टो करून घेऊन आले. वडिलांनी घेतलेली गाडी मूळ रूपात उभी करावी, अशी त्यांची इच्छा होती. तक्रार एवढीच होती, की गाडीची शेपटी खाली बसली आहे.

जास्त ऊस मावावा म्हणून पूर्वी कोणीतरी चासीचे, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याचे, दोन्ही लांब चॅनल मागे वाढवले होते. जोड सरळ उभा कापून केलेला, आणि तो तुटू नये म्हणून त्यावर 12 मिलिमीटरची जाड पट्टी चारही बाजूंनी वेल्ड केलेली होती. मूळ चॅनलचा पत्रा सुमारे 6 मिलिमीटरचा. पट्टी बघून आण्णांनाही वाटले होते, की निदान तेवढी जागा तरी शाबूत असेल.

हौदा उतरवून चासी स्टँडवर घेतली, पाण्याच्या नळीने पातळी जुळवली आणि दोन्ही बाजूंच्या सारख्या छिद्रांतून ओळंबे सोडून जमिनीवर खडूच्या खुणा केल्या. कर्णांची मापे जुळली नाहीत, म्हणजे चासी नुसती मागे बसलेली नव्हती, तर एका बाजूला सरकलीही होती. मग पट्टीच्या पुढच्या टोकाजवळचा रंग आणि गंज काढून तिथे तडा शोधणारा लाल रंग लावला, थोड्या वेळाने पुसला आणि वर पांढरी पावडर फवारली. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या वरच्या पाखावर, म्हणजे चॅनलच्या वरच्या आडव्या बाजूवर, वेल्डिंगच्या काठाला अगदी लागून बारीक लाल रेघ उमटली आणि बघता बघता ती उभ्या भागात उतरलेली दिसली. दुसऱ्या चॅनलवरही तशीच, फक्त आखूड रेघ निघाली.

पुढच्या आणि मागच्या धुरेच्या (अ‍ॅक्सलच्या) मध्ये भार पडला, की चॅनलचे खालचे पाख ताणले जाते; मागच्या धुरेच्या पलीकडे लोंबणाऱ्या भागात मात्र वरचे. त्यामुळे गाडीखाली झोपून तपासणाऱ्याला हा तडा कधीच दिसला नसता. शिवाय ट्रकची चासी खड्ड्यातून जाताना थोडी पिळली जाणे अपेक्षितच असते. जाड पट्टीने एक तुकडा ताठ झाला, की सगळा पीळ त्या पट्टीच्या टोकाशी साठतो, आणि तिथेच जर पाखावर आडवे वेल्डिंग असेल, तर तडा तिथूनच सुरू होतो.

"मिस्त्री, आता आख्खी डबल चॅनल घाला, परत बघायला नको," असे आण्णांचे म्हणणे होते. मी त्यांना जादा ताठपणामुळे पडलेली ती लाल रेघच दाखवली आणि पुढचा वाद तिथेच मिटला.

वाढीव तुकडा कापून चासी मूळ लांबीवर आणली. गाडीच्या मूळ रचनेत फेरबदल करण्यावर बंधन घालणाऱ्या, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा विचार करता कागदोपत्रीही तेच सोयीचे होते. वाकलेला चॅनल तापवून नव्हे, तर साखळी आणि जॅक लावून थंडच सरळ केला. तापवल्यास तेवढा भाग मऊ पडतो, आणि जुन्या गाडीत ती जोखीम मला घ्यायची नव्हती. तड्याच्या टोकाला भोक पाडून त्याची वाढ थांबवली, ग्राइंडरने खाच केली, ओव्हनमध्ये सुकवलेले 7018 जातीचे वेल्डिंग रॉड वापरून भरले आणि वेल्ड पत्र्याच्या पातळीत घासून घेतले. आतून टोके तिरपी कापलेला आधाराचा चॅनल बसवला, पण तो फक्त उभ्या भागातून, रीमरने अचूक मापाच्या केलेल्या छिद्रांत घट्ट बसणाऱ्या बोल्टांनी. पाखांना एकही नवे भोक पाडले नाही. पुढच्या बाजूला ठोकलेल्या चासी नंबराजवळ तर ग्राइंडरही फिरकू दिला नाही.

शेवटी पुढच्या एका चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवले. चासी पिळली आणि ठोकळे काढल्यावर पूर्ववत झाली. पुन्हा लाल रंग लावला, तेव्हा कुठेही रेघ आली नाही. मागच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे दोन्ही चॅनल जोडणाऱ्या आडव्या तुकड्याला, ट्रॉलीचा हुक जोडून द्यावा, ही आण्णांची मागणी मात्र मी मान्य केली नाही. त्या ओढीसाठी ही चासी आता तयार केलेली नाही, हे बिलावरच लिहून दिले.